पाय न टेकता

वेगाने साऱ्या जगाला वेड लावले त्या विसाव्या शतकाच्या आरंभी, ज्यात सर्वांआधी पोहोचणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही आणि खडकाळ चढणीवरून पाऊल भुईला न लावता सावकाश निघून जाणाऱ्यास मात्र अजिंक्यपद मिळते, असा मोटारसायकलचा एक खेळ इंग्लंडात जन्मास यावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु ट्रायल्स या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या त्या खेळाचे मूळ इंग्रजांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या कायदेपुस्तकातच अधिक सापडते.

१९०३ साली मंजूर झालेल्या मोटारगाडी कायद्याने ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा घातली, आणि निदान कागदोपत्री तरी ती १९३० पर्यंत कायम राहिली. फ्रान्समध्ये एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत भरधाव शर्यती होऊन गेल्या होत्या, पण शर्यतीसाठी रस्ता बंद करून देण्यास इंग्लंडातील सरकार राजी नव्हते. म्हणून वेगाचे जे खरे भोक्ते होते ते समुद्र ओलांडून आइल ऑफ मॅन बेटावर गेले, कारण तेथील स्वतंत्र विधिमंडळाने १९०४ मध्ये रस्ते बंद करण्यास मुभा देणारा कायदा संमत केला होता, आणि १९०७ पासून तेथेच टूरिस्ट ट्रॉफीची विख्यात शर्यत सुरू झाली. मुख्य भूमीवर जे उरले त्यांच्यापुढे प्रश्न असा होता, की मर्यादेचे उल्लंघन न करता दोन स्वारांत श्रेष्ठकनिष्ठ ठरवावे तरी कसे.

पहिले उत्तर यंत्रानेच दिले. त्या काळच्या मोटारसायकलचा चामडी पट्टा पावसात घसरे, घोड्यांच्या नालांचे रस्त्यावर सांडलेले खिळे टायरात रुतत, आणि ठिणगी ऐन वेळी दगा देई. तेव्हा ठरलेल्या मार्गाने ठरलेल्या नाक्यांवर ठरलेल्या घटकेला, म्हणजे उशिरा नाही तसेच लवकरही नाही, हजर होणे एवढीच कसोटी कोणाचाही घाम काढण्यास पुरेशी होती. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर सायक्लिंग क्लबने याच तत्त्वावर १९०४ मध्ये लंडन ते एडिंबरो, १९०८ मध्ये लंडन ते लँड्स एंड आणि १९१० मध्ये लंडन ते एक्झिटर अशा अहोरात्र चालणाऱ्या परीक्षा सुरू केल्या. पुढे यंत्रे सुधारली, बहुतेक सर्वच स्वार सर्व नाक्यांवर वेळेत हजर होऊ लागले, आणि इतक्या निर्दोष उमेदवारांत निवाडा करणे अशक्य झाले, तेव्हा आयोजकांनी नकाशे पसरून उभ्या चढणी हुडकून काढल्या. आधी मध्ये न थांबता चढावे असा दंडक आला, मग पाय न टेकता चढावे असा आला, आणि चढणीही जेव्हा पुरेनात तेव्हा रस्ता सोडून ओढ्यांची पात्रे, शेवाळलेले खडक आणि दलदलीच्या पायवाटा यांची निवड होऊ लागली. वेळापत्रक दुय्यम झाले आणि अशी छोटीशी अवघड वाट पार करणे हाच खेळ झाला.

खेळाचे व्याकरण तेव्हापासून फारसे बदललेले नाही. मार्गावर ठिकठिकाणी फिती आणि खुणा लावून आखलेले टप्पे असतात, त्यांना सेक्शन म्हणतात. पाय न टेकता सेक्शन पार केल्यास शून्य. हल्लीच्या नियमाप्रमाणे एकदा टेकल्यास १, दोनदा टेकल्यास २, त्याहून अधिक वेळा टेकल्यास ३, आणि पडल्यास, मागे सरकल्यास किंवा हद्दीबाहेर गेल्यास ५. हे सारे गुण दंडाचे असल्यामुळे ज्याच्या नावावर कमीत कमी जमा तो श्रेष्ठ, असा हा उलटा हिशेब आहे. आणि तो लिहिणारा माणूस, ज्याला ते ऑब्झर्व्हर म्हणतात, तो प्रत्येक सेक्शनवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा-दुकटा उभा असतो. खळ्यावर रास मोजणाऱ्या मापाऱ्याला जसे पिकाचे कौतुक करायला सवड नसते, तशी या निरीक्षकालाही स्वाराच्या कौशल्याकडे पाहायला सवड नसते. त्याची नजर बुटाच्या तळव्यावर खिळलेली. त्याला मेहनताना बहुधा नसतो, आणि हातात असते ती पावसात भिजलेली गुणपत्रिका. माझ्या मते या खेळाचा खरा इतिहास विजेत्यांच्या यादीपेक्षा या माणसाच्या आणि त्याला तेथे उभे करणाऱ्या क्लबांच्या दप्तरात अधिक आहे.

ही दप्तरे लवकरच तयार झाली. ब्रिटनमध्ये १९०३ साली मोटारवाल्यांच्या क्लबाच्या छायेखाली ऑटो-सायकल क्लब स्थापन झाला आणि १९०७ मध्ये त्याचे नाव ऑटो-सायकल युनियन असे झाले. नियम करणे, परवाने देणे, तक्रारींचा फैसला करणे हे अधिकार त्याच्याकडे आले. आंतरराष्ट्रीय पातळीवर हे काम एका बखेड्यातून निघाले: १९०४ मध्ये फ्रान्समधील दूर्दां येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय चषकाच्या शर्यतीत इतके आरोप-प्रत्यारोप झाले की निकाल रद्द करावा लागला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्ये पाच राष्ट्रांच्या क्लबांनी एकत्र येऊन जो संघ स्थापिला तोच १९४९ पासून एफआयएम म्हणून ओळखला जातो. १९१३ मध्ये इंग्लंडातील कार्लाइल येथे सहा दिवसांची पहिली आंतरराष्ट्रीय ट्रायल झाली ती याच संघाच्या विद्यमाने. १९२७ च्या स्पर्धेत मार्जोरी कॉटल आणि तिच्या दोन सहकारिणींच्या ब्रिटिश महिला पथकाने चांदीचा चषक जिंकला, हे मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे. ज्या खेळात बळापेक्षा तोल मोठा, तेथे हे व्हावे यात नवल नाही, नवल त्यानंतर कित्येक दशके स्त्रियांसाठी कोणी काही केले नाही याचे आहे.

परंतु ट्रायल्सचे माहेर म्हणावे ते उत्तरेकडेच. १९०९ मध्ये स्कॉटलंडात पाच दिवसांची एक परीक्षा झाली, पुढच्या वर्षापासून ती सहा दिवसांची झाली, आणि दोन महायुद्धांची खंडित वर्षे आणि अलीकडची काही रद्द झालेली वर्षे वगळता एडिंबरो अँड डिस्ट्रिक्ट मोटर क्लबने ती आजवर चालवत आणली. बेन नेव्हिसच्या पायथ्याचे फोर्ट विल्यम आणि जवळचे किनलॉकलेव्हन ही तिची क्षेत्रे. मे महिन्यातही तेथे बर्फ पडू शकते. यॉर्कशरमधील स्कॉट ट्रायलची जन्मकथा निराळी. शिप्ली येथे मोटारसायकलचा कारखाना चालवणाऱ्या आल्फ्रेड अँगस स्कॉट या कल्पक कारखानदाराने १९१४ मध्ये आपल्या कामगारांना आव्हान दिले, की कारखान्यातून निघून डेल्सच्या माळरानातून बर्नसॉलपर्यंत जाऊन दाखवा. १४ निघाले, त्यांतले ९ पोहोचले. या ट्रायलमध्ये पाय टेकण्याचे गुण तर मोजले जातातच, शिवाय सर्वांत जलद स्वाराच्या वेळेपेक्षा जितकी मिनिटे अधिक तितके दंडगुण आणखी. म्हणजे कायद्याने ज्या वेगाला बाहेर काढले होते त्याला स्कॉटने मागच्या दाराने आत घेतले. दक्षिणेत १९२४ मध्ये कॅम्बर्लीजवळ काही उत्साही मंडळींनी या स्पर्धेची नक्कल करताना निरीक्षणाचा भागच गाळून टाकला, युनियनने त्याला ट्रायल म्हणण्यास नकार दिला, आणि त्या नकारातून स्क्रँबल, म्हणजे आजचा मोटोक्रॉस, हा स्वतंत्र खेळ निघाला. एखाद्या संस्थेच्या नकारातून इतके काही निपजल्याची उदाहरणे थोडी.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या या इतिहासाचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. त्या वेळी जाणकारांची अशी दृढ समजूत होती, की ट्रायल्सच्या मोटारसायकलला मागच्या चाकाला स्प्रिंग असता कामा नये, कारण ताठ चौकटीनेच चाक जमिनीला धरून राहते. रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीने १९४८ च्या फेब्रुवारीत कोलमोर चषकाच्या ट्रायलमध्ये, मागच्या चाकाला हेलकावणारी भुजा आणि धक्के शोषणारी यंत्रणा बसवलेल्या तीन नव्या गाड्या उतरवल्या, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पण त्याच वर्षी इटलीतील सान रेमोच्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या गाड्यांवरील चार्ली रॉजर्स आणि व्हिक ब्रिटन या दोघांनीही सुवर्णपदके मिळवली, आणि व्हिकचा तरुण मुलगा जॉनी याने १९५२ ची स्कॉटिश ट्रायल तिच्यावरच जिंकली. ती गाडी म्हणजे बुलेट. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन होऊन ती आपल्याकडे जोडली जाऊ लागली, सीमेवरच्या लष्करी गस्तीला गेली, पोलिसांकडे गेली, आणि पुढे सातारा-कोल्हापूरकडच्या पाटलांच्या अंगणात प्रतिष्ठेची वस्तू होऊन बसली. भारदस्त आवाजाच्या त्या गाडीचा पहिला लौकिक वेगाचा किंवा रुबाबाचा नसून शेवाळावर न घसरण्याचा होता, हे तिच्या मालकांपैकी कितीजणांच्या गावी असेल!

१९६१ च्या स्कॉटिश ट्रायलची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. एजेएस कंपनीच्या गाडीवरून गॉर्डन जॅक्सन हा स्वार सहा दिवस डोंगर-ओढे तुडवीत गेला, आणि सहा दिवसांच्या अखेरीस त्याच्या नावावर एकच दंडगुण होता. तो गुण ग्रे मेअर्स रिज नावाच्या सेक्शनवर गेला. खडकाला क्षणभर स्पर्श करून लगेच वर घेतलेले ते पाऊल कोणा छायाचित्रकाराने अचूक टिपले, आणि ते चित्र या खेळात प्रसिद्ध झाले. निरीक्षकाने त्या क्षणी डोळा मिटला असता, किंवा नामांकित स्वार म्हणून सूट दिली असती, तर शून्य गुणांचा विक्रम झाला असता. त्याने १ लिहिला. स्पर्धा जॅक्सननेच जिंकली, म्हणून त्या एका आकड्याने निकालात काही फरक पडला नाही. पण असल्या आकड्यांवरच क्लबांची पत उभी असते.

अवजड ब्रिटिश गाड्यांचे राज्य त्यानंतर चार वर्षांत संपले, आणि ते संपवले एका ब्रिटिश प्रजाजनानेच. बेलफास्टचा सॅमी मिलर एरियल कंपनीच्या ५०० सीसी गाडीवर अजिंक्य समजला जात होता. जीओव्ही १३२ हा तिचा क्रमांक शौकिनांना पाठ असे. १९६४ च्या अखेरीस तो बार्सिलोनाला गेला. तेथे फ्रांसेस्क बुल्तो या गृहस्थाने, आपल्याच भागीदारीतील मोंतेसा कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतल्यामुळे रुष्ट होऊन, १९५८ मध्ये बुलताको हा नवा कारखाना उभारला होता. मिलर आणि बुलताकोचे कारागीर यांनी मिळून लहान टू-स्ट्रोक इंजिनाची हलकी शेर्पा टी तयार केली, आणि १९६५ मध्ये तिच्यावर बसून मिलरने स्कॉटिश ट्रायल जिंकली. परदेशी गाडीने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. ब्रिटिश कारखानदारांनी हे पाहिले, खांदे उडवले, आणि दशकभरात त्यांपैकी बहुतेकांचे दिवाळे निघाले. त्याला कारणे पुष्कळ होती, पण समोर आलेल्या वस्तूकडे न पाहण्याची सवय हे त्यांतले एक होतेच.

युरोपीय अजिंक्यपद १९६८ मध्ये आणि जागतिक अजिंक्यपद १९७५ मध्ये सुरू झाले. पहिला जगज्जेता यॉर्कशरचा मार्टिन लॅम्पकिन, गाडी बुलताको. त्यानंतर फिनलंड, अमेरिका, स्वीडन, फ्रान्स, बेल्जियम अशी विजेतेपदाची प्रदक्षिणा झाली, आणि शेवटी ते कातालोनियात येऊन स्थिरावले: जोर्दी तार्रेसने ७ वेळा, आणि २००७ पासून तोनी बोउने वर्षामागून वर्षे सलग. मध्यंतरी मार्टिनचा मुलगा डगी याने १९९७ ते २००३ अशी ७ अजिंक्यपदे ओळीने घेतली. याच डगीने २०१६ मध्ये आइल ऑफ मॅनची पावणेअडतीस मैलांची सबंध प्रदक्षिणा केवळ मागच्या चाकावर केली. शंभर वर्षांपूर्वी ज्या बेटावर वेग पळून गेला होता तेथे सावकाशीचा हा उस्ताद असा पोहोचला.

कातालान स्वारांनी खेळाचा चेहरा बदलला. सायकलवरून आलेल्या या पिढीने गाडी जागच्या जागी उभी करून, उड्या मारून, चाक हवेत वळवून सेक्शन पार करण्याची विद्या आणली. गाड्यांची आसने गेली, वजन सत्तर किलोच्या आसपास आले, आणि बार्सिलोनातील बंदिस्त क्रीडागृहांत कृत्रिम खडकांवर हजारो प्रेक्षकांसमोर प्रयोग होऊ लागले. यात थांबावे की थांबू नये, हा वाद उद्भवला. एफआयएमने थांबण्यास मुभा दिली, २०१३ मध्ये काढून घेतली, पुढे पुन्हा विचार बदलला. प्रत्येक बदलाबरोबर निरीक्षकाचे काम अवघड झाले, कारण पाय टेकला हे डोळ्यांना दिसते, चाक थांबले की नाही हे ठरवावे लागते. स्कॉटिश मंडळी जुन्याच नियमाला धरून आहेत. मला त्यांची बाजू पटते, पण बोउसारख्याला पाच-सहा फुटांच्या उभ्या खडकावर चढताना पाहिले की ती बाजू मांडणे कठीण जाते, हेही खरे.

स्कॉटलंडमधली ही ट्रायल खाजगी जमिनींवरून जाते आणि जमीनमालकांच्या संमतीवाचून तिचा एक मैलही आखता येत नाही. २००१ मध्ये ब्रिटनमधील गुराढोरांत लाळ-खुरकुताची साथ पसरली तेव्हा क्लबने ती रद्द केली. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पुन्हा तसेच झाले. या दोन प्रसंगांनंतरही तिच्याकडे येणाऱ्यांचा ओघ आटलेला नाही. जगज्जेता आणि सुट्टी काढून आलेला गवंडी एकाच दिवशी एकाच सेक्शनवर एकाच नियमाने मोजले जातात, हे तिचे आकर्षण. अर्ज जागांपेक्षा अधिक येतात म्हणून क्लब चिठ्ठ्या टाकून नावे निश्चित करतो. निरीक्षकांसाठी मात्र चिठ्ठ्या टाकाव्या लागत नाहीत. त्यांना दरवर्षी हुडकून आणावे लागते.