मंडईला विचारावयाचा प्रश्न

पुण्याचा इतिहास सांगू लागलो की आपण बहुधा वाड्यांपासून आरंभ करतो. शनिवारवाडा, विश्रामबाग, नानावाडा ही नावे लहान मुलासही ठाऊक असतात. परंतु शहर केवळ वाड्यांनी वसत नाही. वाड्यात राहणाऱ्यास रोज भाजी लागते, देवापुढे समई लागते, स्नानास घंगाळ लागते. या वस्तू आणणारे व घडविणारे लोक पेठांतून येऊन राहिले, तेव्हा पुणे शहर झाले. म्हणून आज वाडे बाजूस ठेवून आपण बाजारातून एक फेरी मारू. आणि हा बाजार कोणासाठी, एवढा एकच प्रश्न बरोबर घेऊ.

आरंभ मंडईपासून करणे बरे. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे. १८८६ साली शुक्रवार पेठेत नगरपालिकेने बांधलेली दगडी मंडई सुरू झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवतीच्या गाळ्यांच्या ओळी पाहिल्या की बांधणाऱ्यांची हौस ध्यानी येते. पण या हौसेला एका सभासदाने विरोध केला होता. जोतीराव फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही.

आणि गंमत अशी की, आज त्या इमारतीवर नाव आहे ते फुल्यांचेच! १९३८ च्या सुमारास, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, ‘रे मार्केट’ची ‘महात्मा फुले मंडई’ झाली. कोणी याला इतिहासाची थट्टा म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. जोतीरावांचे घराणे फुलांचा व्यवसाय करणारे; बाजाराशी त्यांचे वैर कसे असणार? १८८३ साली लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, गाडीभर माळवे घेऊन शहरात आलेला शेतकरी जकात आणि मधल्यांचे हात चुकविता चुकविता जवळजवळ रिकाम्या हाताने परत कसा जातो, याचा हिशेब त्यांनी मांडला आहे. छप्पर कितीही उंच असो, त्याखाली माल आणणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे ते पाहत होते. तेव्हा त्यांचे नाव त्या मनोऱ्याला लागले, हे एका परीने योग्यच झाले. प्रश्न विचारणारा दारावरच उभा राहिला!

मंडईतून चार पावले टाकली की तुळशीबाग. येथे आधी आले ते राममंदिर. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ साली त्याचे काम आरंभिले. देवाच्या दर्शनास बायकामुले येऊ लागली आणि त्यांच्या पाठोपाठ पितळी देव, समया, बांगड्या, कुंकवाचे करंडे, मुलींची भातुकली अशी दुकाने आली. ती कोणी आराखडा आखून मांडली नाहीत; जिथे पाऊल वळते तिथे पाल पडते, हा बाजाराचा जुना न्याय.

पण या वस्तू घडतात कोठे? त्यासाठी लक्ष्मी रस्ता ओलांडून कसबा पेठेत, तांबट आळीत शिरले पाहिजे. पेशवाईत हे कारागीर कोकणातून येथे आले. तांब्याचा पत्रा तापवावयाचा, ठोकून आकार द्यावयाचा, चिंचेने किंवा तेजाबाने उजळावयाचा आणि मग हातोडीने त्यावर ओळीने ठोके उमटवावयाचे. यालाच मठारकाम म्हणतात. ही नुसती नक्षी नव्हे. ठोक्यांनी धातू कठीण होतो आणि हंडा सहजासहजी पोचत नाही. सौंदर्य आणि उपयोग यांची अशी सोयरीक आळीत रोज लागत असे. पुढे अ‍ॅल्युमिनियम आले, पोलाद आले, घरोघर नळ आले. हंडा-बंबाचे गिऱ्हाईक आटले आणि आळीतला आवाज उतरला. अलीकडे शोभेच्या व नव्या घाटाच्या वस्तूंना मागणी येऊ लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु दिवाणखान्यातल्या त्या भांड्याची किंमत मोजताना त्यातले किती पैसे हातोडीपर्यंत पोचले, हे विचारणारे थोडे.

मंडईतही तेच झाले. १९७० नंतरच्या काळात घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडईत किरकोळ विक्री राहिली आणि माल पिकविणारा गिऱ्हाइकाच्या नजरेआड झाला.

जुना बाजार पाहावयास जाणे ही आता एक हौस झाली आहे. ती वाईट नाही. मात्र नुसते पाहून, चार घास खाऊन परतलो, तर तो बाजार आपल्या लेखी देखावाच ठरेल. ज्या दिवशी आपण भाव करताना पलीकडच्या हातांकडेही पाहू, त्या दिवशी मनोऱ्यावरच्या नावाचा अर्थ आपल्याला कळला, असे म्हणता येईल.