रिकाम्या यंत्राचे भाडे

घर बंद ठेवले तरी घरपट्टी सहसा भरावीच लागते, कारण ती घराच्या आकारावरून ठरते. विजेचे बिल मात्र मुख्यतः वापरलेल्या युनिटांवर अवलंबून असते. कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे अनेकांना एकाच वेळी सेवा देणाऱ्या संगणकावर, चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे शुल्क यांपैकी कोणत्या रीतीने आकारावे? विक्रेते आणि ग्राहक यांच्यात हा वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे.

वादाचे मूळ सॉफ्टवेअरच्या स्वरूपातच आहे. त्याला वजन नाही, लांबी-रुंदी नाही. पहिली प्रत तयार करायला अनेक माणसांची काही वर्षे खर्ची पडतात. दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. म्हणून किंमत ठरवताना मोजता येईल अशा कशाचा तरी आधार घ्यावा लागतो: यंत्र, प्रोसेसर, वापरणारी माणसे किंवा वेळ. यांपैकी काय मोजायचे ठरते, त्यावर यंत्राच्या रिकामेपणाचा भुर्दंड कोणी सोसायचा हे ठरते.

तासांचा मीटर

१९६०च्या दशकात अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीचे मोठे संगणक बहुधा भाड्याने दिले जात. मूळ मासिक भाड्यात १७६ तासांचा वापर धरलेला असे. महिन्याचे २२ दिवस आणि रोजचे ८ तास असा हा गुणाकार. यंत्रावर मीटर बसवलेला असे आणि जादा तासांसाठी जादा आकार पडे. वापर कमी झाला तरी मूळ भाडे मात्र पूर्णच. सॉफ्टवेअर या भाड्यातच मिळे, त्याचे वेगळे बिल नसे.

जानेवारी १९६९मध्ये अमेरिकन सरकारने कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने काही सॉफ्टवेअर वेगळ्या किमतीने देण्याची घोषणा केली. पुढे यंत्राच्या क्षमतेप्रमाणे शुल्काच्या पायऱ्या आल्या. त्यामुळे कंपनीने मोठे यंत्र घेतले, की पूर्वीचेच काम करणारे पूर्वीचेच सॉफ्टवेअरही महाग होऊ लागले.

एका यंत्रात अनेक यंत्रे

यावरच्या उपायाचे बीज मात्र त्याआधीच पडले होते. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आय.बी.एम.च्या वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली तयार केली आणि १९६७मध्ये ती चालू झाली. एकाच संगणकावर अनेक ‘आभासी’ संगणक उभे करणे हे तिचे काम होते. प्रत्येक आभासी संगणकाला आपण स्वतंत्र यंत्र आहोत असेच वाटे. १९७२मध्ये याच कल्पनेवर आधारलेली व्हीएम/३७० प्रणाली बाजारात जाहीर झाली.

पुढे सर्व्हर स्वस्त झाले आणि ही कल्पना मागे पडली. एक सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या कामात अडथळा आणू नये म्हणून कंपन्या प्रत्येकासाठी वेगळा सर्व्हर घेऊ लागल्या. सर्व्हर वाढले, तसे परवानेही वाढले. १९९८मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने आभासी यंत्रे या स्वस्त संगणकांवर आणली. सर्व्हरसाठीचे तिचे सॉफ्टवेअर २००१मध्ये विक्रीस आले.

बचत कशी होते ते उदाहरणाने पाहू. समजा, एका कंपनीकडे दहा सर्व्हर आहेत, प्रत्येकात चार प्रोसेसर आहेत आणि परवाना दर प्रोसेसरमागे आहे. म्हणजे चाळीस परवाने झाले. प्रत्येक सर्व्हर सरासरी १० टक्केच वापरला जात असेल, तर एकूण काम चार प्रोसेसरांपुरतेच आहे. ते तीन सर्व्हरांवर एकवटले, तर बारा परवाने पुरतात, आणि एक सर्व्हर बिघडला तरी उरलेले दोन काम निभावतात.

परंतु सरासरी फसवी असते. पगाराच्या दिवशी दहाही सर्व्हरांचे काम एकदम तिप्पट होत असेल, तर बाराच्या बारा प्रोसेसर पूर्ण भरतील. म्हणून सर्व्हर काढून टाकण्यापूर्वी निदान महिनाभराचा तासागणिक वापर नोंदवणे आवश्यक असते.

मोजमाप बदलते

ग्राहकांनी यंत्रे एकवटली, तशी विक्रेत्यांनी मापे बदलली. एका प्रोसेसरमध्ये दोन-दोन, चार-चार ‘कोअर’ येऊ लागले. मायक्रोसॉफ्टने २००४मध्ये प्रोसेसरच मोजू, कोअर नाही, असे जाहीर केले होते. २०१२च्या एसक्यूएल सर्व्हरपासून मात्र कोअर मोजणे सुरू केले. खुद्द व्हीएमवेअरने २०११मध्ये आभासी यंत्रांना दिलेल्या स्मृतीवर शुल्क बसवले. ग्राहकांच्या विरोधामुळे २०१२मध्ये ते मागे घ्यावे लागले. काही विक्रेते आभासी यंत्र दोनच कोअर वापरत असले, तरी ते ज्यावर चालू शकेल त्या सर्व यंत्रांचे सगळे कोअर मोजतात. अशा वेळी ते महागडे सॉफ्टवेअर छोट्या, स्वतंत्र सर्व्हरवर ठेवणेच स्वस्त पडते.

मोठ्या संगणकांसाठी आय.बी.एम.ने २०००मध्ये निराळी पद्धत जाहीर केली. तीत वापराची चार तासांची सरकती सरासरी काढतात आणि महिन्यातील तिच्या सर्वोच्च आकड्यावर शुल्क ठरते. त्यामुळे गर्दीच्या वेळचे काम रात्रीवर ढकलणे हाही बचतीचा मार्ग झाला. २००६पासून अमेझॉनने दूरचे सर्व्हर तासांच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा जुना मीटर जणू परत आला. पण चालू करून विसरलेले यंत्र येथेही बिल वाढवतच राहते.

रिकामेपणा हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. गूगलचे लुइझ बारोसो आणि उर्स होल्झ्ले यांनी २००७मध्ये पाच हजारांहून अधिक सर्व्हरांची सहा महिन्यांची आकडेवारी मांडली. बहुतेक वेळ ते १० ते ५० टक्के क्षमतेवर चालत होते. गर्दीसाठी थोडी जागा राखावीच लागते. ती किती असावी हे मोजून ठरवायचे, आणि परवाना घेताना विक्रेता काय मोजणार आहे हे आधी विचारायचे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांना आणि इस्पितळांना तर याची गरज अधिकच आहे.

वर्गात हा हिशेब करून पाहता येईल. शाळेच्या संगणककक्षात दर तासाला किती संगणक प्रत्यक्ष वापरात आहेत, हे विद्यार्थ्यांनी आठवडाभर नोंदवावे. मग सरासरी, सर्वोच्च आकडा आणि चार तासांची सरकती सरासरी काढावी. एका संगणकाला शंभर रुपये असा दर धरून एकूण संगणक, सरासरी वापर आणि सरकत्या सरासरीचा सर्वोच्च आकडा यांवर तीन बिले करावीत, आणि कोणते बिल कोणाच्या सोयीचे आहे यावर चर्चा घडवावी.