संकलन: कापणाऱ्यांचा शब्द की जोडणाऱ्यांचा?

नवं यूट्यूब चॅनेल काढणाऱ्या मुलामुलींची एक बोली आता चांगलीच मुरली आहे. ‘इथे कट मार’, ‘मधला भाग उडव’, ‘सुरुवात ट्रिम कर’. ज्या सॉफ्टवेअरवर ही मंडळी शिकतात त्यातली हत्यारंही धारेचीच असतात. प्रीमियर प्रोमध्ये रेझर, दाविंची रिझॉल्व्हमध्ये ब्लेड. शिकताना सगळ्यात आधी हाताला बसतं ते कापणं, त्यामुळे एडिटिंग म्हणजे कापाकापी ही समजूत पक्की होते. पण मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत याच कामासाठी वर्षानुवर्षं जो शब्द येतो, त्याचं तोंड बरोबर उलट्या दिशेला आहे. तो शब्द म्हणजे ‘संकलन’.

संकलन हा गणिताच्या घरचा शब्द. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) बेरजेला ‘संकलित’ आणि वजाबाकीला ‘व्यवकलित’ म्हटलं आहे. एक, दोन, तीन अशा ओळीने येणाऱ्या अंकांच्या एकूण बेरजेलाही संकलितच म्हणत. हा शब्द आपल्याला परका नाही, कारण भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ, पाटण इथे आहे. शब्दाच्या पोटातला धातू ‘कल्’, म्हणजे मोजणं, गणना करणं. परंपरेने ‘काल’ हा शब्दही याच धातूपासून सांगितला आहे: जो मोजतो तो काल. आता एडिटिंगच्या पडद्यावरची टाइमलाइन डोळ्यांसमोर आणा. डावीकडून उजवीकडे वाहणारा काळ, त्याचे तास, मिनिटं, सेकंद, आणि सेकंदाच्याही आत २४, २५ किंवा ३० चौकटी. एकेका चौकटीचा हिशेब ठेवून त्यांची बेरीज करायची. याहून नेमका शब्द या कामाला सापडला असता असं मला वाटत नाही.

फ्रेंच भाषेलाही असंच वाटलं असावं. तिथे या कामाला ‘मोंताज’ म्हणतात. यंत्राचे सुटे भाग बसवून ते उभं करणं, हा त्याचा अर्थ. रशियन दिग्दर्शकांनी हा शब्द उचलला आणि त्याचं शास्त्र केलं. लेव कुलेशोव यांचा प्रयोग प्रसिद्धच आहे. एका नटाचा तोच तो भावशून्य चेहरा त्यांनी आधी सूपच्या बशीशेजारी जोडला, मग शवपेटीशेजारी. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात एकदा भूक दिसली आणि एकदा शोक. चेहऱ्यात काहीच बदललं नव्हतं, शेजार बदलला होता. नव्याने शिकणाऱ्याने रेझरचा सराव करण्याआधी हा प्रयोग स्वतः करून पाहावा. मोबाइलवर घेतलेल्या दोन-तीन तुकड्यांनीही तो होतो.

मराठीत एडिटिंगला दुसरा शब्द ‘संपादन’. हिंदीत चित्रपटासाठी तोच रूढ आहे. त्याचा मूळ अर्थ मिळवणं, सिद्धीस नेणं. आपण ज्ञान संपादन करतो, विश्वास संपादन करतो. वर्तमानपत्राला संपादक मिळाला तो पुढे. जुन्या मराठीत मात्र याच शब्दाचं एक वेगळं रूप होतं: ‘संपादणी’. सोंग घेतल्यावर ते निभावून नेणं म्हणजे संपादणी. भारुडात, बहुरूप्याच्या खेळात सोंग आणणं पुरेसं नसे, त्याची संपादणी साधावी लागे. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभं राहून ‘नमस्कार मंडळी’ म्हणणाऱ्याला जे जड जातं, ते नेमकं हेच. घरात बोलतो तसं लेन्सपुढे बोलता येत नाही. आपलंच एक रूप उभं करून ते दहा मिनिटं टिकवावं लागतं. म्हणून मला वाटतं, कॅमेऱ्यापुढच्या कामाला संपादणी आणि कॅमेऱ्यामागच्या कामाला संकलन, असे दोन शब्द आपण खुशाल वापरावेत.

सॉफ्टवेअरमधले काही शब्द जुन्या संकलनखोलीतून जसेच्या तसे आले आहेत. ती खोली न पाहिलेल्यांना ते बुचकळ्यात टाकतात. ‘बिन’ हा त्यातला एक. नवशिक्याला ती कचरापेटी वाटते आणि आपले तुकडे तिथे ठेवायला तो बिचकतो. फिल्मच्या काळात बिन म्हणजे आत कापड लावलेली मोठी पेटी असे. वर आडव्या दांडीला खिळे असत, त्यांना फिल्मच्या पट्ट्या अडकवायच्या आणि त्यांची टोकं खाली कापडात लोंबू द्यायची. ओरखडा न उठता प्रत्येक तुकडा हाताशी राहावा, हा हेतू. म्हणजे बिन ही टाकायची जागा नव्हे, जपायची जागा.

‘चित्रफीत’ या शब्दातली फीत पोर्तुगिजांकडून आली. त्यांची ‘फिता’ कोकण-गोव्याच्या किनाऱ्याने मराठीत शिरली, आधी वेणीला बांधायला आणि मग उद्घाटनाला कापायला. टेप आली तेव्हा चित्रफीत, ध्वनिफीत हे शब्द सहज जमून गेले. आज फीत कुठेच नाही, सगळं मेमरी कार्डावर आहे, तरी बातमीत ‘चित्रफीत व्हायरल’ असं छापून येतंच. मला त्यात गैर वाटत नाही. वस्तू गेली तरी शब्द राहतो, ही भाषेची जुनी सवय आहे. ‘क्लिप’चा प्रकार आणखी रंजक. इंग्रजीत दिसायला सारखे असलेले दोन वेगळे शब्द आहेत. एक मिठी मारणं, घट्ट धरणं या अर्थाचा, त्यातून कागदाची क्लिप आली. दुसरा उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला, कातरणं या अर्थाचा, त्यातून व्हिडिओची क्लिप. कातरणं आणि धरून ठेवणं एकाच उच्चारात.

आता खुद्द ‘चॅनेल’. लॅटिन ‘कानालिस’ म्हणजे पाट, नळ. आणि त्याच्या मुळाशी ‘कान्ना’, म्हणजे बोरूसारखं पोकळ गवत. हा ‘कान्ना’ ग्रीकमधून आला आणि ग्रीकांनी तो सेमिटिक भाषांमधून घेतला. त्याच कुळातला अरबी शब्द ‘कनात’, म्हणजे भुयारी पाण्याचा पाट. आजच्या अरबीत टीव्हीच्या चॅनेललाही हाच शब्द आहे. महाराष्ट्राने ही कनात प्रत्यक्ष पाहिली आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली. दूरचं पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी ती योजना. आपला ‘नळ’ही याच वाटेने आलेला आहे. संस्कृतात ‘नड’ किंवा ‘नल’ म्हणजे पोकळ गवत, त्यावरून नळी, नळ. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन भाषाकुळांनी एकाच गवताकडे पाहून एकच कल्पना केली. आणि यूट्यूबमधली ‘ट्यूब’ म्हणजे जुन्या दूरचित्रवाणी संचातली चित्रनलिका, म्हणजे तीही नळीच.

मराठीने चॅनेलला ‘वाहिनी’ म्हटलं. ‘वह्’ धातूचा हा शब्द संस्कृतात नदीलाही आहे आणि सैन्यालाही: ८१ हत्ती, ८१ रथ, २४३ घोडे आणि ४०५ पायदळ मिळून एक वाहिनी. मोठ्या स्टुडिओच्या, शेकडो माणसांच्या दूरचित्रवाणीला तो शोभतो. स्वयंपाकघरात मोबाइल टेकवून थालीपीठ शिकवणाऱ्या काकू स्वतःच्या चॅनेलला वाहिनी म्हणत नाहीत, आणि त्यांची निवड मला योग्य वाटते. चॅनेल हा शब्द त्यांनी पुरता मराठी केला आहे. कुणी ‘माझं चॅनेल’ म्हणतं, कुणी ‘माझा चॅनल’. लिंग अजून ठरतंय, याचा अर्थ शब्द जिवंत आहे. क्रियापदंही आपलीच आहेत. वर्तमानपत्र काढतात तसं चॅनेल काढायचं, दुकान टाकतात तसा व्हिडिओ टाकायचा.

आणि मग प्रत्येकाचा प्रश्न: चॅनेल वाढवायचं कसं? ‘वाढवणे’ हे क्रियापद मराठीत मोठं विलक्षण आहे. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली असं घरात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मोडण्याचा अशुभ उच्चार टाळण्यासाठी भाषेने वृद्धीचा शब्द पुढे केला. चित्रीकरणाच्या मुहूर्ताला नारळ वाढवतात तेव्हा फोडणं आणि वाढणं दोन्ही एकाच क्रियेत येतात. संकलनातही हेच घडतं: एक तुकडा तुटतो तो दुसऱ्याला जोडला जाण्यासाठी.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये भांडवल उभं करण्यासाठी जो छोटा चित्रपट केला, त्याच्या नावातही हीच वाढ आहे आणि घडणीतही हीच जोडणी: ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरून तिच्यासमोर कॅमेरा लावला आणि रोप वाढत गेलं तशा त्याच्या चौकटी दिवसेंदिवस टिपल्या. त्या सलग जोडल्यावर कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. ती पाहून पैसे पुरवणाऱ्याचा विश्वास बसला, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.