घोड्याचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. घोड्याचं कूळ मात्र शोधावंच लागतं. हे मला लालबागच्या आमच्या चाळीतल्या एका काकांनी शिकवलं. गिरणीत साचेखात्यात काम करणारा माणूस. शनिवारी रात्री रेसचं पुस्तक घेऊन ते गॅलरीतल्या दिव्याखाली बसायचे. कोणत्या घोड्याला काय भाव फुटेल याची चर्चा आजूबाजूला चाललेली असायची. मी शेजारी जाऊन बसलो की ते नावाखालच्या बारीक ओळीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "भाव नंतर. आधी बाप बघ, मग आई बघ."

एप्रिल उजाडला की महालक्ष्मी रेसकोर्सचा हंगाम आटपतो. नोव्हेंबरपासून चाललेली धावपळ थांबते आणि जुलैत पुण्याचा हंगाम सुरू होईपर्यंत रेसवाल्यांच्या हाती फक्त आठवणी उरतात. कोण नाकाने जिंकला, कोणाला शेवटच्या दोनशे मीटरांत वाट मिळाली नाही, फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारच्या डर्बीत कोणत्या जॉकीने घाई केली, याचा काथ्याकूट चहाच्या टेबलावर चालतो. पण हा गप्पांचा गाडा यंदाच्या हंगामात फार वेळ रेंगाळत नाही. कोणीतरी स्क्वँडररचं नाव काढतो. एकोणीस शर्यतींत अठरा विजय. दुसरा लगेच इल्युसिव्ह पिंपर्नेल पुढे करतो. तेवीसपैकी बावीस. दोघेही आयुष्यात एकेकदाच हरलेले. थोर कोण, हा वाद मी लहानपणी ऐकला आणि आजही ऐकतो. तो मिटत नाही, कारण मिटावा असं कोणालाच वाटत नाही. त्या वादात शेवटी एकच प्रश्न येऊन उभा राहतो: असा घोडा आला कुठून?

त्याचं उत्तर पुस्तकातल्या त्या बारीक ओळीत आहे.

त्या ओळीत दोन नावं असतात, आधी बापाचं आणि मग आईचं. थरोब्रेड म्हणजे ज्याचे आईबाप दोघेही वंशावळीच्या वहीत नोंदलेले आहेत असा घोडा. या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र यावी लागतात, तरच शिंगराची नोंद होते. ही वही पहिल्यांदा छापली इंग्लंडच्या जेम्स वेदरबी यांनी, १७९१ साली. आपल्या पेशवाईत सवाई माधवराव गादीवर होते तो हा काळ.

नातं मोजण्याची रेसवाल्यांची रीत मला फार आवडते. दोन घोड्यांचा बाप एक आणि आया वेगळ्या, तर ते भाऊ म्हणवले जात नाहीत. नामांकित घोड्याला एका वर्षात शंभराच्या वर शिंगरं होऊ शकतात, त्या सगळ्यांना भावंडं कुठवर म्हणणार? घोडीचं तसं नाही. ती अकरा महिने पोटात वाढवते आणि वर्षाला एकच शिंगरू देते. म्हणून आई एक असेल तरच 'हाफ ब्रदर', 'हाफ सिस्टर' हे शब्द वापरतात. काका "आधी बाप बघ" म्हणायचे खरे, पण एखाद्या नवख्या घोड्याबद्दल त्यांना मनापासून विश्वास वाटला तर वाक्य ठरलेलं असायचं: "आईचा आहे तो."

ही आईकडून कूळ मोजण्याची रीत वेदरबींच्या वहीहून कितीतरी जुनी आहे. अरबस्तानातले बेदुइन आपल्या घोड्यांची घराणी घोडीवरूनच सांगत. युद्धाला जायची ती घोडी, तंबूच्या दाराशी बांधायची तीही घोडी. आणि मुंबईच्या घोड्याचा माग अरबी घोड्यापाशी गेल्याशिवाय पुराच होत नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या पन्नासेक वर्षांत पूर्वेकडचे तीन घोडे इंग्लंडात पोचले: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन. यातला डार्ली अरेबियन १७०४ साली सिरियातल्या अलेप्पोहून गेला. जगातल्या आजच्या थरोब्रेडांचं बापाकडचं कूळ या तिघांपैकी एकाशी जाऊन मिळतं, आणि त्यांतले शंभरातले पंचाण्णवहून अधिक एकट्या डार्ली अरेबियनचे आहेत. त्याच्याच वंशात १ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी, एक शिंगरू जन्मलं. त्याचं नाव एक्लिप्स. तो अठरा शर्यती धावला आणि एकही हरला नाही.

अरबी रक्त इंग्लंडात असं मुरत असताना मुंबईत अरबी घोडा थेट गलबतातून उतरत होता. घोडा आपल्याला नवा नव्हता. मराठ्यांच्या फौजा भीमथडीच्या काटक तट्टांवर फिरल्या. अबलख, कुमाईत, पंचकल्याणी हे शब्द आपल्या बोलीत त्या तट्टांच्या टापांबरोबर आले. पण एकोणिसाव्या शतकातली मुंबई अरबी घोड्यांची मोठी पेठ झाली. इराणच्या आखातातून घोडे यायचे, त्यांतले काही फौजेत जायचे, काही गाडीला, आणि जे हलके, तापट, पळणारे असत ते शर्यतीत. बॉम्बे टर्फ क्लब १८०२ साली स्थापन झाला तेव्हा शर्यती भायखळ्याला होत. १८४० च्या दशकात मुंबईत स्थायिक झालेले पहिले आगाखान याच अरबी घोड्यांचे शौकीन. त्या मैदानावर धावणारं रक्त डार्ली अरेबियनच्या गणगोतातलंच होतं. एक शाखा अलेप्पोहून इंग्लंडला गेली होती, दुसरी भायखळ्याला आली होती.

शहर वाढलं, भायखळा भरला आणि १८८३ साली शर्यत महालक्ष्मीला आली. ही जागा म्हणजे मुळात खाडीचं पाणी शिरणारा सखल पट्टा. अठराव्या शतकात वरळीची खिंड बांध घालून बुजवली, तोच हॉर्नबी वेलार्ड. त्या बांधाच्या कामात देवीने रामजी शिवजी प्रभूंना दृष्टांत दिला, ही महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका गिरगावापासून परळपर्यंत प्रत्येक घरात सांगितली जाते. बांधाने कोरडी केलेली जमीन पुढे घोड्यांच्या टापांखाली आली. मेलबर्नच्या कॉलफिल्ड मैदानाच्या धर्तीवर इथला लांबट गोल ट्रॅक आखला गेला. क्लबाचं नाव पुढे वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झालं आणि १९३५ साली त्याला 'रॉयल' जोडलं गेलं.

इंडियन डर्बी मात्र त्यानंतरची. १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, ती पहिल्यांदा धावली गेली. अंतर २४०० मीटर, आणि धावायचं फक्त भारतात जन्मलेल्या चार वर्षांच्या घोड्यांनी. पहिली डर्बी एका घोडीने जिंकली. तिचं नाव प्रिन्सेस ब्यूटिफुल. जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट आणि मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. म्हणजे भारतातल्या सर्वांत मानाच्या शर्यतीच्या पहिल्या पानावर एक मराठी घराणं आहे.

या गायकवाडांनी १९४५ साली इंग्लंडातल्या लिलावात एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. तोवर एवढी किंमत कोणत्याही शिंगराला आली नव्हती. महाराजांनी त्याला आपल्या आजोबांचं नाव दिलं, सयाजीराव. १९४७ साली, इथे देश स्वतंत्र होत असताना, सयाजीरावने आयरिश डर्बी आणि इंग्लंडातली सेंट लेजर जिंकली. त्याचा बाप होता नेआर्को. इटलीत जन्मलेला, चौदा शर्यती धावून चौदाही जिंकलेला घोडा. युद्धकाळात न्यूमार्केटला त्याच्यासाठी बाँबहल्ल्यापासून बचावाचा वेगळा आडोसा बांधला होता. एका घोड्याचं रक्त वाचावं म्हणून माणसांनी एवढी धडपड केली. ती का, हे पुढच्या पिढ्यांत कळलं.

नेआर्कोचा मुलगा निअरक्टिक कॅनडात जन्मला. त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सर इतका बुटका होता की विक्रीत २५,००० डॉलरलाही त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. त्यानेच १९६४ ची केंटकी डर्बी जिंकली, आणि पुढे जगभरच्या तबेल्यांत त्याची संतती पसरली. त्याचा एक मुलगा रझीन भारतात आला, हरियाणातल्या उषा स्टडमध्ये. कित्येक वर्षं तो देशातला आघाडीचा बाप घोडा होता. महालक्ष्मीच्या पुस्तकात नावाखाली 'रझीन' दिसलं की रेलिंगपाशी उभा असलेला माणूस त्या घोड्याकडे पुन्हा एकदा बघायचा.

आता ही साखळी उलट मोजा. रझीन, नॉर्दर्न डान्सर, निअरक्टिक, नेआर्को, तिथून मागे मागे एक्लिप्स आणि शेवटी डार्ली अरेबियन. अलेप्पोहून निघालेलं रक्त इंग्लंड, इटली, कॅनडा असं फिरून जवळपास तीनशे वर्षांनी महालक्ष्मीला पोचलं, जिथे त्याचे अरबी सोयरे गलबतातून कधीच उतरून गेले होते. हंगामाच्या आठवणी काढताना आम्ही रेसवाले हरखून जातो तो या भेटीमुळे. अडीच मिनिटांच्या शर्यतीत तीन शतकं धावतात.

हे सगळं बघायला कोण येत असे? वरच्या स्टँडमध्ये संस्थानिक आणि गिरण्यांचे मालक. दुसऱ्या एन्क्लोजरमध्ये त्याच गिरण्यांचे कामगार. लोअर परळच्या भोंग्याचा आवाज मैदानावर ऐकू यायचा इतक्या जवळ. विन, प्लेस, फोरकास्ट, तनाला, जॅकपॉट हे शब्द आमच्या भागात शाळेत न गेलेल्या माणसांनाही येत. हा इतिहास प्रेमाने सांगताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. पगाराच्या आठवड्यात घरी न पोचलेला पगार मी शेजारी पाहिला आहे. एखाद्या घरातून रात्री ऐकू आलेलं रडणं विसरलेलो नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हळूहळू पगारच थांबला, तेव्हा काकांचं रेसवर जाणंही थांबलं. पुस्तक मात्र ते आणत राहिले. पैसे न लावता वाचायचे. घोड्याची ओढ आणि पैशाची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवसांत कळलं.

आणि गिरणगावाला या घोड्यांकडून जे मिळालं ते टोटच्या, म्हणजे पैसे लावायच्या, खिडकीवर कधीच मिळालं नव्हतं. परळचा जुना राजभवनाचा वाडा १८९९ साली प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळाला. तिचंच पुढे, १९२५ साली, हाफकिन इन्स्टिट्यूट झालं. धनुर्वातावर किंवा सापाच्या विषावर उतारा करायचा तर घोडा लागतो. विषाची अगदी बारीक मात्रा टोचत टोचत आठवडे जातात, घोड्याच्या रक्तात त्या विषाला मारक द्रव्यं तयार होतात, मग रक्त काढून त्यातून औषध शुद्ध करतात. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली ही वाट दाखवली.

पुण्याच्या पूनावाला स्टडमधले, शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे या हाफकिनला दिले जात. हा स्टड १९४६ साली सोली पूनावालांनी सुरू केला होता. आपले घोडे जातात आणि त्यांच्या रक्तापासून औषध बनतं, तर ते औषध आपणच का बनवू नये, असं त्यांचे चिरंजीव सायरस यांना वाटलं. १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि तिची सुरुवात धनुर्वाताच्या सीरमने झाली. जगातल्या सर्वांत मोठ्या लसउत्पादकांपैकी एकीचं मूळ असं शर्यतीच्या तबेल्यात सापडतं.

सापाच्या विषावरचं औषध आजही घोड्याच्याच रक्तातून येतं. ते घोडे सगळे शर्यतीचे नसतात. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी ती बाटली कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. लालबाग-परळचा चाकरमानी ज्या गावाहून आला त्या गावात. भाताच्या कापणीत फुरसं चावलेल्या कोणाचीतरी आई त्या बाटलीमुळे घरी परतते. आईचं आयुष्य घोड्याच्या रक्ताने राखलेलं असतं, आणि मुलगा महालक्ष्मीला जाऊन घोड्याचा बाप शोधत असतो.

२०२४ साली रेसकोर्सच्या २११ एकरांतली १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानाला द्यायचं ठरलं आणि ९१ एकर शर्यतीकडे राहिली. उद्यान सगळ्यांचं असतं आणि या शहराला मोकळ्या जागेची भूक आहे. तिथे फिरायला येणाऱ्या मुलांना या जमिनीवर धावलेल्या घोड्यांची नावं वाचायला मिळावीत. आणि त्या घोड्यांनी परळला काय दिलं, हेही.

मला मात्र अलीकडे या मागोव्यातली एक उणीव बोचते. वंशावळ नेहमी मागे जाते. घोड्याच्या पणजोबाच्या पणजोबाचं नाव आम्ही तोंडपाठ सांगतो, पण धावणं संपल्यावर तो घोडा कुठे गेला, हे क्वचित विचारतो. काही स्टडमध्ये परततात, काही मैदानाच्याच कडेला १९४२ पासून असलेल्या अॅमॅच्युअर रायडर्स क्लबमधल्या शाळांसारख्या ठिकाणी मुलांना पाठीवर घेतात. बाकीच्यांचं काय?

म्हणून गेली काही वर्षं हंगाम संपला की मी एक काम करतो. ज्या घोड्यांनी मला त्या पाच महिन्यांत जागेवरून उठवलं, त्यांची नावं जुन्या वहीत लिहितो. बाप, आई, आणि त्यापुढे तिसरा रकाना: आता कुठे. मोतद्दारांना विचारतो, ट्रेनरच्या माणसांना विचारतो. काही रकाने भरतात, काही कोरे राहतात. काकांनी मला मागे बघायला शिकवलं होतं. कोरे रकाने दिसले की पुढच्या हंगामात पहाटे ट्रॅकवर जाऊन मी पुन्हा विचारतो.