अपुरा डाव

मध्येच मोडलेल्या डावातील पैसा कसा वाटावा? १४९४ साली इटालियन गणिती पाचोली यांनी जिंकलेल्या फेऱ्यांच्या प्रमाणात वाटणी सांगितली. त्यांची दृष्टी मागे होती. १६५४ साली पास्कल आणि तुलूझच्या न्यायालयातील अधिकारी फर्मा यांनी पत्रव्यवहारातून ती पुढे वळविली. हाती बदामाची चार पाने घेऊन पाचवे मागणाऱ्या पोकर-खेळाडूलाही तोच न्याय लागू पडतो. न पाहिलेल्या ४७ पानांत बदामाची ९. तेव्हा डावातील रक्कम आता घालावयाच्या रकमेच्या सव्वाचारपट असेल, तरच त्या पानामागे जावे. आधी घातलेला पैसा आपला नव्हे. परगावच्या नोकरीत गेलेली वर्षे मोजीत बसणाऱ्या आम्हांला हे उमगावयास मात्र फार वेळ लागला.