भुईकोट किल्ल्यातला वैज्ञानिक दृष्टिकोन

आपल्या भुईकोट किल्ल्यात नेहरू कैदेत होते आणि १९४४ मध्ये तिथेच त्यांनी ‘भारताचा शोध’ लिहिला, हे नगरच्या मुलांना पाठ असते. त्याच पुस्तकात वैज्ञानिक दृष्टिकोनावर लिहिलेले आहे. तपासून बघावे, नवा पुरावा मिळाला तर मत बदलावे, असा त्याचा आशय. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा दृष्टिकोन नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांतही आला.

पण कर्तव्य म्हणून सांगितल्याने तो येतो का? २१ सप्टेंबर १९९५ आठवा. आपण नववीत होतो आणि देशभर गणपती दूध पीत होता. रांगांमध्ये चांगले शिकलेले लोकही होते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले, की पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. पृष्ठताणाची व्याख्या लिहून गुण मिळवलेले कितीतरी जण त्या रांगेत असतील. रंग मिसळून बघावा, हे मात्र सुचले नाही.

ही सवय फार लहानपणी लागते, असे मला वाटते. नेहरूंनीच १९२८ मध्ये दहा वर्षांच्या इंदिरेला पत्रांतून दगड ‘वाचायला’ शिकवले होते: गोटा गुळगुळीत आहे, म्हणजे तो पाण्याबरोबर घासत आला असणार.

ते कैदेतून सुटले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला अनुताई वाघांच्या साथीने खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. मुले ती निवडायची, मोजायची, लहान-मोठी अशी लावायची. (मी दिवसभर संगणकावर वेगळे काय करते?) पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. १९७५ च्या सरकारी योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव घेतले ते याच कामातून.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला आणखी संगणक द्यायचे घाटते आहे. सॉफ्टवेअरवालीनेच विरोध करावा याचे तुम्हाला हसू येईल, पण माझे मत नोंदवून ठेवा: आधी शेजारच्या अंगणवाडीला थोडी भिंगे, लोहचुंबक आणि एक तराजू देऊ. खडे आणि बिया मुले आणतील.