करटप्पे (भारत)

करटप्पे म्हणजे वैयक्तिक प्राप्तिकराच्या आकारणीसाठी करपात्र उत्पन्नाचे पाडलेले भाग होत. प्रत्येक भागाला स्वतंत्र दर असतो. त्यामुळे उत्पन्न वरच्या टप्प्यात गेल्यास वाढीव दर संपूर्ण उत्पन्नावर नव्हे, तर त्या टप्प्यातील रकमेवरच लागू होतो.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पहिले ४ लाख रुपये करमुक्त असून पुढील प्रत्येक ४ लाखांवर अनुक्रमे ५, १०, १५, २० व २५ टक्के आणि २४ लाखांवरील रकमेवर ३० टक्के कर आहे. उदाहरणार्थ, १४ लाखांच्या करपात्र उत्पन्नावर २०,०००, ४०,००० व ३०,००० मिळून ९०,००० रुपये कर होतो. ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर धरून ही रक्कम ९३,६०० रुपये होते.